पांजरापोळीच्या भिंती

आमचा शेरू दूध-चपाती खातो. पर्युषणात त्याच्या ताटलीत बटाटासुद्धा पडत नाही. त्यामुळे नातीने दोन गिनीपिग घरी आणले तेव्हा सून धास्तावली, पण मी ठामपणे म्हणाले, "अगं, आपला कुत्रा जैनांच्या घरचा. तो कशाला त्यांच्या वाटेला जातोय?"

चौथ्या दिवशी दुपारी वाळलं गवत टाकायला मी त्यांच्या खोलीत गेले आणि दार उघडंच राहिलं. शेरू मागोमाग आला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. पिंजऱ्याला नाक लावून, अंग ताठ करून, एकटक बघत उभा राहिला. आतल्या दोघी कोपऱ्यात दगड झालेल्या. मी त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढलं. कुणाला ओरखडासुद्धा नाही. पण धाकटीने रात्रीपर्यंत गवताला तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, या जिवाचं पोट सतत चालू राहावं लागतं, दिवसभर उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. सून रात्रभर तिला सिरिंजने भरवत बसली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. जिवाला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. इतकी वर्षं हे म्हणतेय, पण ओठांनीच. त्या दिवशी पहिल्याच शब्दापाशी अडखळले. पिंजरा म्हणजे बांधून ठेवणंच ना? आणि पिंजरा नसता तर काय झालं असतं?

सुरतेत राहून या प्रश्नाचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. या शहरात जनावरांचा दवाखाना निदान सव्वातीनशे वर्षांपूर्वी होता. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1689 मध्ये इथे आला. त्याचं प्रवासवर्णन 1696 मध्ये छापून निघालं. आजारी, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांसाठी वाण्यांनी चालवलेल्या जागेची हकिकत त्याने त्यात दिली आहे. गायी, घोडे, शेळ्या आणि कुत्रेसुद्धा. पुढे जेम्स फोर्ब्सने 1813 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत 1772 सालची यादीच आहे: घोडे, खेचरं, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं, आणि पंचाहत्तर वर्षं तिथेच राहिलेलं एक म्हातारं कासव. उंदरांसाठी आणि ढेकूण-पिसवांसाठी वेगळा विभाग होता. पैसे देऊन भिकाऱ्यांना तिथे रात्रभर झोपवत, म्हणजे ढेकणांचं पोट भरावं. ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. ढेकणाची दया करताना माणसाच्या भुकेची किंमत ठरवली गेली, हे डोळ्याआड करून कसं चालेल?

पण फोर्ब्सच्या वर्णनातली एक साधी गोष्ट मी आधी कधी नीट वाचलीच नव्हती. ती जागा उंच भिंतींनी वेढलेली होती, आणि आत वेगवेगळी अंगणं, वेगवेगळे कप्पे पाडलेले होते. सगळ्यांना एकत्र सोडून देऊन "अहिंसेचा प्रभाव" बघत कोणी बसलं नव्हतं. मुळात शब्दच पाहा. पांजरा म्हणजे पिंजरा, पोळ म्हणजे फाटक असलेली बंदिस्त वस्ती. आपल्या दयेच्या सर्वांत जुन्या संस्थेच्या नावातच पिंजरा आहे.

शेजारच्या खंभातची हकिकत तर माझ्या फार आवडीची. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 मध्ये सुरतेहून तिकडे गेला. पक्ष्यांच्या दवाखान्यात त्याला आईबापांविना पोरकी झालेली उंदरांची पिल्लं दिसली. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, नाकावर चष्मा, पिल्लं कापसात पेटीत ठेवलेली, आणि पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजणं चाललेलं. शेळ्यामेंढ्यांची जागा वेगळी, गायीवासरांची वेगळी. सुनेच्या हातातली सिरिंज मला त्या पिसासारखी दिसली. आणि ती पेटी? तीही पिंजराच की. पण पिल्लं जगावीत म्हणून केलेली.

मुंबईत कुत्र्यांवरूनच मोठा प्रसंग घडला. भटके कुत्रे मारायच्या सरकारी हुकमावरून जून 1832 मध्ये दंगल उसळली. पुढाकार पारशांचा होता, जैन आणि हिंदूही सामील झाले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. पारशी आणि जैन एकत्र आले ते एका कुत्र्याच्या जिवासाठी, हे शेरूला सांगायला हवं.

आणि दिल्लीच्या लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखाना. तिथला नियम ऐकून पहिल्यांदा मला जरा बोचलं होतं. दाणे खाणारे पक्षी बरे होईपर्यंत मुक्कामाला राहतात. घार-ससाण्यावर उपचार होतात, पण बाहेरच्या रुग्णासारखे, त्यांना मुक्काम नाही. दुजाभाव वाटला. आता वाटत नाही. घारीच्या जखमेला मलम लावायचं, पण तिला कबुतराशेजारी झोपवायचं नाही. यात घारीवर राग कुठे आहे?

मंदिरांच्या भिंतींवर आपण समवसरणाचं चित्र बघतो. सिंह आणि गाय एकाच ठिकाणी पाणी पितात, साप आणि मुंगूस जवळ बसतात. ते तीर्थंकरांच्या सान्निध्यात. अडाजणचा तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे समवसरण नव्हे, आणि माझ्या चपातीत तेवढं सामर्थ्य नाही. शेरूचं खाणं मी बदललं, त्याचे पूर्वज बदलले नाहीत. छोटं काही पळालं, चिरकलं, की त्याचं अंग आपोआप धावतं. त्यात वैर नसतं. खेळता खेळता पंजा पडला तरी एवढ्याशा जिवाचा कणा मोडतो. गिनीपिग अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो खाण्यासाठी पाळला, आणि सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात गेला. पळणं किंवा थिजून बसणं, एवढंच त्याच्यापाशी शस्त्र.

शास्त्राने आपल्याला सावधही केलं होतं. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांतलं शेवटचं असतीपोषण. हेमचंद्राचार्यांनी त्यात पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळणं धरलं आहे. आमचा शेरू धंद्यासाठी नाही, रस्त्यावरून उचललेला आहे. तरी पाळणं ही साधी गोष्ट नाही, एवढं त्यातून कळतं. गिनीपिग मात्र दुकानातून विकत आणले, त्याचं समर्थन माझ्यापाशी नाही. नातीला तसं सांगितलंय. आता आहेत त्या दोघींना सांभाळायचं, नवीन आणायच्या नाहीत.

आता सांभाळतो ते असं. त्यांची खोली वेगळी, दाराला कडी. पिंजरा मोठा, टेबलावर, वरून झाकलेला, आत लपायला दोन घरं, म्हणजे एकीने दुसरीला हुसकायला नको. गवत कायम. रोज ढोबळी मिरची, कारण माणसासारखंच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. सुरतेचा उन्हाळा त्यांना मानवत नाही, म्हणून दुपारी पंखा आणि ओले पडदे. शेरूला आधी बाहेर फिरवून दमवायचं, मग पट्टा लावून लांबून त्यांच्याकडे बघू द्यायचं. त्याने नजर काढून आमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. एकटक बघायला लागला की बाहेर. दोघं कितीही शांत दिसोत, मोकळं सोडून पाठ फिरवायची नाही. शेरूला हात लावला की हात धुऊन मगच त्यांच्याकडे जायचं. कुत्र्याला साधा खोकला देणारा जंतू गिनीपिगच्या फुप्फुसाला झेपत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सूक्ष्म जीवांची गोष्ट आम्हाला कुत्र्याच्या खोकल्यातून कळली. आणि हो, त्यांच्यासाठी शेरूला दिवसभर साखळीला बांधायचं नाही, हे माझं म्हणणं सगळ्यांनी मानलं. एकाचं बंधन सोडवताना दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हा कुठला न्याय?

धाकटी तिसऱ्या दिवशी स्वतःहून गवत खायला लागली. आता संध्याकाळी सुनेच्या पिशवीची कुरकुर ऐकली की दोघी शिट्ट्या मारतात. शेरू दाराच्या फटीशी नाक लावून पडलेला असतो. नातीने दारावर खडूने लिहून ठेवलंय, "पांजरापोळ. आजी, कडी लाव."