कोरडा उन्हाळा आणि पाण्याचा गारवा

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे मोसमी वाऱ्यांतील बरेचसे बाष्प घाटमाथ्यावर रिते झाल्यानंतर उरलेला पाऊस ज्या पट्ट्याच्या वाट्याला येतो त्या पट्ट्यात वसलेले आहे. वैशाखात तेथे पारा ४२ अंशांवर चढतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा, २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा दुपारी तापमापकाचा फुगा ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यात धरला, तर तो सुमारे २४ अंश दाखवतो; पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता फडक्यातूनच ओढली जात असल्यामुळे हा अठरा अंशांचा उतार मिळतो, आणि सोलापूर परिसरातील गारव्याची सारी जुनी कारागिरी या उतारावर उभी आहे. संगणक थंड ठेवण्यासाठी घरच्या घरी, थोडक्या खर्चात उभारल्या जाणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेचा विचारही या परंपरेपासून तोडून केला, तर तो अपुरा राहतो.

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर, पन्नासेक किलोमीटरच्या आत, नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तेथे बोरी नदीवर दगडी बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखले जाणारे दोन धबधबे कोसळतात आणि महालाच्या सज्ज्यासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. मध्ययुगीन दख्खनी स्थापत्यातील हे एक अपूर्व धाडस आहे. तथापि हा पडदा पडतो तो वर्षाकाळी, जेव्हा गारव्याची निकड सरलेली असते. भर उन्हाळ्यातला उपाय अधिक साधा होता आणि तो उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत सर्वत्र रूढ होता. वाळ्याच्या, म्हणजे एका सुगंधी गवताच्या मुळांच्या, ताट्या दारा-खिडक्यांवर लावून त्यांवर पाणी शिंपडत राहावयाचे, की त्यांतून येणारा वारा थंड होऊन घरात शिरतो. अबुल फजलाच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बांबूच्या चौकटींत वाळा भरून केलेल्या अशा खोल्यांचा उल्लेख आहे.

सोलापुरात या तत्त्वाशी सर्वांत जुना आणि सर्वांत खोल संबंध आला तो विणकरांचा. कापसाच्या सुताला ओल मिळाली की ते बळकट होते आणि कोरड्या हवेत ते ठिसूळ होऊन तुटते, हे कोष्टी, साळी आणि तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेले पद्मशाली विणकर पिढ्यान्पिढ्या जाणत होते. खड्डामागावर, म्हणजे विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि तेथील पावड्या दाबतो अशा मागावर, खड्ड्यातील ओलावा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, कामी येत असे. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला शहर पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले, सुरू झाली. तेव्हा खड्ड्यातील ही ओल शेकडो मागांच्या बंदिस्त दालनात यंत्राने निर्माण करणे भाग पडले. विणकाम विभागात ७५ ते ८५ टक्के आर्द्रता हवी असते, आणि बाहेरची हवा मात्र २० टक्क्यांची.

येथे पाण्याचा गारवा उलटा फिरतो, आणि गिरण्यांच्या इतिहासात या गोष्टीची पुरेशी दखल घेतली जात नाही. हवेत तुषार सोडले की आरंभी ती थंड होते, परंतु यंत्रांची आणि माणसांची उष्णता बाहेर जाऊ न देता बाष्पच वाढवत नेले, अथवा इंग्लंडच्या गिरण्यांत होत असे तशी वाफ सोडली, तर कामगाराच्या अंगावरचा घाम उडेनासा होतो आणि शरीराचा स्वतःचा गारवा बंद पडतो. सूत सुखावते आणि विणकर गुदमरतो. इंग्लंडमध्ये १८८९ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील आर्द्रतेवर मर्यादा घातली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या पंधराव्या कलमाने कृत्रिम आर्द्रतेचे नियमन राज्य सरकारांकडे सोपवले आणि त्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे, पिण्याजोगे किंवा शुद्ध केलेले असावे असे बंधन घातले. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही कापडाच्या धंद्यातलाच आहे: १९०६ मध्ये अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-अभियंत्याने सुताच्या संस्कारावरून तो घडवला.

गिरणीच्या इंजिनघरात पाण्याचे काम निराळे होते. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या पात्राला, म्हणजे संघनित्राला, सतत गार पाणी लागे. तेथे पाण्याने उष्णता उचलावयाची आणि ती दूर नेऊन हौदात वा तळ्यात सोडावयाची, असा क्रम असे. पाणी उडवणे ही गारव्याची एक रीत आणि पाणी फिरवणे ही दुसरी. सोलापूरजवळचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प, ज्याला उजनी धरणातून पाणी येते, या दोन्ही रीती एकत्र जोडतो, कारण फिरवलेले पाणी अखेर शीतक मनोऱ्यातच उडवून थंड करावे लागते.

घराघरांतील कूलर ही वाळ्याच्या ताटीचीच यांत्रिक आवृत्ती होय: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या जाळ्या, तळाशी टाकी, त्यात बुडवलेला छोटा पंप आणि पुढे पंखा.

संगणकात पाणी शिरले ते मोठ्या यंत्रांच्या वाटेने. आयबीएमच्या १९८० च्या ‘३०८१’ या यंत्रात चिपांच्या समूहांची उष्णता पाण्याने वाहून नेली जात असे, आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड केला जातो. तितक्याच आकारमानाच्या हवेच्या मानाने पाणी एका अंशाच्या वाढीत सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते, हे त्यामागचे कारण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी हीच रचना घरी आणली: प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा पोकळ ठोकळा, मत्स्यपेटीतला पंप, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि मोटारीतील हीटरचा छोटा रेडिएटर. स्वस्ताईच्या मोहात ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ठोकळ्याशी जोडला, तर एकाच पाण्यातील दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून धातू एकच असणे आणि पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेपासून पुन्हा जमवलेले, असणे हे दोन नियम कधीही मोडू नयेत.

परंतु ही बंद यंत्रणा थंड हवेच्या देशांत घडलेली आहे. रेडिएटर पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि सोलापूरच्या दुपारी ती हवा ४२ अंशांची असते. ते पाणी कूलरच्या जाळीवरून उघडे वाहू दिले, तर ते तिशीच्या खाली येऊ शकते, म्हणजे ताटीची रीत येथे रेडिएटरला मागे टाकते. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते: शंभर वॅट उष्णता आठ तास उडवण्यास सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागते. नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येणाऱ्या शहरातही एवढे पाणी घराला जड जात नाही. जड जातात ते क्षार, कारण उडते ते निव्वळ पाणी आणि मागे उरलेले दर दिवशी दाट होत जाऊन ठोकळ्याच्या बारीक खाचा बुजवते. म्हणून प्रोसेसरचे ऊर्ध्वपातित पाणी बंद नळीत ठेवून त्या नळीचे तांब्याचे वेटोळे कूलरच्या टाकीत बुडवणे आणि टाकीचे पाणी वरचेवर बदलणे, ही जोडरचना सोलापूरला अधिक मानवणारी आहे. मृगाच्या सरी आल्या की हवेचे तापमान तिशीवर उतरते आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर चढते. ओल्या फडक्याचा उतार अठरा अंशांवरून चार-पाच अंशांवर येतो, टाकीचे पाणी हवेपेक्षा फारसे थंड होत नाही आणि त्या दिवसांत साधा रेडिएटरच पुरतो.