कालश्रेणीतील दिनांकदोष

कालश्रेणीतील दिनांकदोष म्हणजे काळानुसार घेतलेल्या नोंदींचे दिनांक संगणक प्रणालीने चुकीचे वाचल्यामुळे, किंवा नोंदी कालक्रमाने न लावताच आकडेमोड केल्यामुळे, वैज्ञानिक विश्लेषणात शिरणारी चूक होय. अशा वेळी प्रणाली अनेकदा त्रुटीचा संदेश देत नाही आणि उत्तर सकृद्दर्शनी बरोबर वाटते.

क्रमाचा दोष

पावसाळ्यातील दिनांक दिवस-महिना-वर्ष या पद्धतीने लिहून मजकूर म्हणून क्रमाने लावले, तर १ जून, १ जुलै, १ ऑगस्ट व १ सप्टेंबर लागोपाठ येतात. त्यावर काढलेली तीन दिवसांच्या पावसाची बेरीज प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या महिन्यांची असते. पायथन भाषेतील पँडाज या लायब्ररीत सरकती बेरीज 'तीन दिवस' असा कालावधी देऊन मागितल्यास विस्कळीत क्रमावर त्रुटी दाखवली जाते. 'तीन ओळी' अशी मागितल्यास ती मुकाट्याने काढून दिली जाते.

दिवस-महिन्याची अदलाबदल

हा दोष अधिक फसवा आहे. २०२३ मधील २.० आवृत्तीपूर्वी पँडाज प्रत्येक दिनांक स्वतंत्रपणे वाचत असे. स्वरूप न सांगितल्यास ०५/०७ हा ७ मे, तर २५/०७ हा मात्र २५ जुलै ठरे. वर्षातील १३२ दिनांक अशा रीतीने आपसांत बदलतात. नोंदींची संख्या, वर्षाची एकूण बेरीज, एवढेच नव्हे तर जुलैचे ३१ दिवसही जसेच्या तसे राहतात. त्यामुळे मोजदादीने चूक सापडत नाही. नंतर क्रम लावूनही ती दुरुस्त होत नाही, उलट झाकली जाते.

वऱ्हाडातील परिणाम

अमरावती व अकोला जिल्ह्यांत सोयाबीन, कापूस व तूर ही प्रामुख्याने पावसावर अवलंबून असलेली पिके असून पेरणीनंतरचा पावसाचा खंड निर्णायक ठरतो. वरील अदलाबदलीत १ ते ५ जुलै या दिवसांवर जानेवारी ते मे या महिन्यांच्या ७ तारखेच्या, म्हणजे बहुधा कोरड्या, नोंदी येऊन बसतात. पेरणीच्या ऐन हंगामात पाच दिवसांचा खोटा खंड दिसतो आणि जुलैचा खरा पाऊस उन्हाळ्या-हिवाळ्यात विखुरतो.

भारतात दैनिक पाऊस सकाळी ८:३० वाजता मोजून त्याच दिनांकावर नोंदवतात. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदी त्याला जोडताना एका दिवसाची तफावत पडू शकते.

प्रतिबंध

दिनांकाचे स्वरूप आज्ञावलीत स्पष्ट लिहिणे, मगच क्रम लावणे आणि तो चढता असल्याची तपासणी करणे, हा नेहमीचा उपाय आहे. आयएसओ ८६०१ मानकानुसार वर्ष-महिना-दिवस असे लिहिल्यास मजकुराचा क्रम व कालक्रम एकच राहतो.