फूल आणि दोन पाने

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. तोपर्यंत आम्हां मिरजोळेकरांचा रत्नागिरी जिल्हा थेट गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता. ती हद्द राहावी की पुसली जावी, याचा निर्णय १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी मतपेटीतून दिला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असल्यास फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असल्यास दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०.

आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३ अन्वये प्रदेशांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. म्हणून संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये या एका कौलापुरता खास कायदा केला. भारतातून फुटून निघण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. मात्र कायदेशीर तेवढे लोकमान्य होतेच असे नाही. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी. त्यांच्याच हाती कारभार असता तर निकालावर कोणी विश्वास ठेवला असता? त्यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, आणि मगच मतदान झाले. स्कॉटलंडनेही २०१४ साली ब्रिटिश सरकारशी आधी करार करून स्वातंत्र्याचा प्रश्न लोकांपुढे ठेवला. हरलेल्यांनी निकाल मानला. कॅटलोनियाने २०१७ साली स्पेनच्या घटना न्यायालयाची स्थगिती झुगारून मतदान घेतले. विरोधक बहुतांशी घरीच बसले, आणि नव्वद टक्के होकार मिळूनही प्रश्न सुटला नाही.

गोव्याच्या कौलातही उणीव होती. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावयास मिळाले नाही. डॉ. जॅक सिक्वेरा यांची ती मागणी आम्हांस आजही रास्त वाटते.

आपल्या ख्रिस्ती घरांतून 'आपण गोवा राखला' असे अभिमानाने बोलले जाते. हिशेब तसे सांगत नाही. गोव्यात ख्रिस्ती लोक चाळीस टक्क्यांच्या आतच होते. दोन पानांना मात्र निम्म्याहून अधिक मते पडली. हिंदू शेजाऱ्यांच्या मतांवाचून हे घडणे शक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट. १९६३ च्या निवडणुकीतील विजय हाच विलीनीकरणाचा कौल, असे बांदोडकरांचा पक्ष म्हणत असे. सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे अस्तित्व ठरविणे वेगळे, हे सिक्वेरांचे म्हणणे. कौलानंतर अवघ्या दोन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि फूल नाकारणाऱ्या त्याच गोव्याने बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले.