सेकंदाचा हजारावा भाग

१९३३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात कॅट्झ आणि ब्रेली या दोन संशोधकांनी शंभर विद्यार्थ्यांपुढे विशेषणांची यादी ठेवली. दहा समाजांपैकी कोणाला कोणती विशेषणे लागू पडतात, ते सांगायचे होते. मुलांनी बिनदिक्कत सांगितले. काळे लोक अंधश्रद्धाळू आणि आळशी, तुर्क क्रूर. त्यांच्यापैकी किती जणांनी आयुष्यात एखादा तुर्क पाहिला असेल कोण जाणे, पण मत मात्र तयार होते.

१९५१ मध्ये तिथेच हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी असल्या वर्गवारीलाच हरकत घेतली. पुढे नागरी हक्कांची चळवळ झाली, १९६४ चा कायदा आला. प्रश्नावलीत उघडपणे वंशद्वेष लिहिणारे कमी होत गेले. घर आणि नोकरी देताना मात्र कातडीचा रंग दिसतच राहिला. मग हा भेद मोजायचा कसा? माणूस दर वेळी खोटेच बोलतो असे नाही. पुष्कळदा त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील अँथनी ग्रीनवाल्ड यांनी मत विचारणे सोडून वेळ मोजायला घेतला. फुलाचे नाव किंवा चांगला शब्द दिसला की डावी कळ दाबायची, किड्याचे नाव किंवा वाईट शब्द दिसला की उजवी. हे झरझर जमते. आता जोड्या बदला, फुलाबरोबर वाईट शब्द आणि किड्याबरोबर चांगला. बोट अडखळते. ती अडखळ संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपतो. मग फुलांच्या आणि किड्यांच्या जागी गोऱ्या आणि काळ्या लोकांची नावे आली. ग्रीनवाल्ड यांनी चाचणी आधी स्वतः दिली आणि काळ्यांची नावे चांगल्या शब्दांशी जोडताना ते स्वतःच मंदावले.

त्यांच्या सहकारी महजरीन बनाजी यांचेही तेच झाले. बनाजी सिकंदराबादच्या पारशी घरातल्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या. (एकेकाळी उर्दूतून उच्च शिक्षण देणारे हेच ते विद्यापीठ, हे उर्दूच्या शिक्षकाला सांगितल्यावाचून राहवत नाही.) रेल्वे स्थानकावर स्वस्तात मिळालेल्या ग्रंथामुळे त्या सामाजिक मानसशास्त्राकडे वळल्या. स्वतः गोऱ्या नसूनही त्यांच्या बोटांनी गोऱ्यांचीच बाजू घेतली.

१९९८ मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली, संकेतस्थळावर सर्वांना खुली झाली आणि लाखो लोकांनी ती दिली. बहुसंख्य गोऱ्यांचा कल गोऱ्यांकडे निघाला, आणि बऱ्याच काळ्या लोकांचाही. यात नवल नव्हते. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या होत्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून उचलली. शाळांतील वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

पण बाहुलीचा उपयोग शाळेची व्यवस्था तपासायला झाला. नव्या चाचणीचा उपयोग माणसे तपासायला होऊ लागला, आणि माझ्या मते गडबड तिथे झाली. एकाच माणसाचा निकाल दोन वेळी वेगळा येऊ शकतो. निकालावरून एखादा माणूस कसा वागेल, याचा अंदाज फार कच्चा निघतो. एकेका व्यक्तीवर शिक्का मारायला ही चाचणी वापरू नका, असे तिच्या निर्मात्यांनीच बजावले आहे. तरी ‘नकळत पूर्वग्रह’ घालवणाऱ्या शिबिरांचा बाजार फोफावला. २०१८ मध्ये फिलाडेल्फियात दोन काळ्या तरुणांना स्टारबक्सच्या दुकानात विनाकारण अटक झाली, तेव्हा कंपनीने अमेरिकेतील सुमारे आठ हजार दुकाने एक दुपार बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. एका दुपारचे प्रशिक्षण! आमच्याही प्रशिक्षणांची हजेरीपटावर सही झाली की सांगता होते, म्हणून हे मला चांगलेच कळते.

मी स्वतः ती चाचणी दोनदा दिली. पहिल्यांदा गोऱ्यांकडे कल ‘मध्यम’ निघाला, पंधरा दिवसांनी ‘किंचित’. यातला कोणता आकडा माझा, ते मला सांगता येणार नाही. अडखळ मात्र दोन्ही वेळा बोटाला जाणवली होती, ती नाकारता येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याला घड्याळ घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवले. प्रश्न विचारल्यावर कोणत्या मुलाच्या उत्तरासाठी मी किती सेकंद थांबतो, एवढेच लिहायला सांगितले. पहिल्या दिवसाचा कागद पाहून मला बरे वाटले नाही. ते अजून येऊन बसतात.