वाळूबाधा, दोन-धावी एंजिनातील

रस्ता सोडून वाळू, चिखल आणि डोंगरवाटा यांवरून धावण्यासाठी बांधलेल्या मोटारसायकलींच्या दोन-धावी एंजिनात, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील टू-स्ट्रोकात, हवेबरोबर वाळूचे कण शिरल्यामुळे सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि क्रँकची बेअरिंगे यांची जी अकाली व बहुधा भरून न येणारी झीज होते, तिला वाळूबाधा म्हणावे. झीज कोणत्याच एंजिनाला चुकलेली नाही. परंतु चार-धावी एंजिनात जो कण एखाद्या अंगाला उपद्रव देऊन बाहेर पडतो किंवा तेलाच्या गाळणीत अडकून निरुपद्रवी होतो, तोच कण दोन-धावी एंजिनात शिरला असता यंत्राच्या बहुतेक नाजूक सांध्यांवरून गेल्यावाचून त्याला बाहेरची वाट सापडत नाही, आणि ह्या एका फरकातूनच ह्या नोंदीचा सारा विषय उद्भवतो.

फरकाचे मूळ रचनेत आहे. इंग्लंडातील बाथ येथील जोसेफ डे ह्याने १८९१ साली ज्या दोन-धावी एंजिनाचे पेटंट घेतले, त्यात नवे मिश्रण सिलिंडरात ढकलण्यासाठी निराळा पंप न ठेवता पिस्टनखालची क्रँककेस हीच पंप म्हणून राबविण्याची युक्ती होती : पिस्टन वर जाताना खाली पोकळी होऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते, आणि पिस्टन खाली उतरताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी सिलिंडरात चढते. ह्या युक्तीने एंजिन हलके, स्वस्त आणि सुटसुटीत झाले खरे. परंतु क्रँककेस ही श्वासनलिकाच झाल्यामुळे तेथे तेलाचा साठा ठेवण्याची सोय उरली नाही, आणि म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलातच, बहुधा बत्तीस ते पन्नास भागांस एक भाग ह्या मानाने मिसळून, त्याच्या तुषारांवर बेअरिंगांचा निर्वाह चालविण्याचा शिरस्ता पडला. तेलाची टाकी निराळी ठेवून छोट्या पंपाने तेल सोडण्याची तजवीज आपल्याकडील यामाहा आरएक्स १०० मध्ये होती, तरी तेल शेवटी त्याच प्रवाहात मिसळत असे. ज्या वाटेने वंगण येते त्याच वाटेने वाळू येते, आणि त्या वाटेवर हवेच्या गाळणीपलीकडे दुसरा पहारेकरी नाही.

ह्या वाटेवरील वाहतूक किती असते, त्याचा हिशेब कोणालाही मांडता येईल. सुमारे २५० घन सेंटिमीटर क्षमतेचे एंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असताना प्रत्येक फेऱ्यास एक श्वास घेते, म्हणजे सेकंदाला १३३ श्वास. आणि प्रत्येक श्वास पुरता भरला असे कागदोपत्री धरले, तर मिनिटाला २,००० लिटर हवा, म्हणजे घराच्या गच्चीवरील हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या भरतील इतकी हवा, ते आत घेते. पुढच्या गाडीच्या मागील चाकाने उडविलेला वाळूचा फवारा अंगावर घेत तासभर धावणाऱ्या एंजिनाची गाळणी किंचितही हयगयीने बसविलेली असेल, तर आत काय गेले असेल ह्याची कल्पना एवढ्यावरून यावी.

आता वाळूविषयी. वाळवंटाची आणि बहुतेक समुद्रकिनाऱ्यांची वाळू मुख्यत्वे गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची असते. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत तिचा क्रमांक ७ लागतो, आणि बेअरिंगांचे पाणी दिलेले पोलादही तिच्यापुढे नमते. सर्वच वाळू मात्र सारखी नव्हे. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू चुनखडीची, काठिण्य ३, म्हणून पुष्कळ मवाळ; दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या चुऱ्यात गार जवळजवळ नसते, त्यामुळे पुणे-नाशिककडील मुरमाची धूळ वाळवंटी वाळूइतकी कठोर नसते, मात्र ती इतकी बारीक असते की गाळणीतून निसटण्यात तिचा हातखंडा. उलट सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातून सिलिका वाळू काढली जाते, ती शुद्ध गारेच्या जातीची. कणाच्या आकाराविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे : डोळ्यांना दिसणारा जाड कण पिस्टनवर ओरखडा काढतो म्हणून तोच मुख्य गुन्हेगार ठरविला जातो, परंतु अधिक घातक असतो तो काही मायक्रॉनचा, वंगणाच्या पापुद्र्याच्या जाडीशी तुल्य असा कण, कारण तोच दोन धातूंच्या मधल्या फटीत बेमालूम शिरून तेथे काम करीत राहतो. पिस्टनचा ॲल्युमिनियम मऊ असल्याने असे कण त्यात रुततात, आणि मग पिस्टन हा पिस्टन न राहता सिलिंडरात वर-खाली फिरणारा पॉलिश पेपर होतो.

वाळू शिरण्याच्या वाटा मोजक्या असून बहुतेक मानवी कसुरीच्या आहेत. पहिली आणि सर्वांत मोठी वाट गाळणीच्या मधून नव्हे, तर गाळणीच्या कडेने जाते : फोमची गाळणी पेटीच्या कडेवर नीट टेकलेली नसते, तिच्या काठाला ग्रीस लावलेले नसते, किंवा पिळून धुण्याच्या सवयीमुळे तिची शिवण उसवलेली असते. दुसरी वाट गाळणीची पेटी आणि कार्ब्युरेटर यांमधील रबरी नळीच्या ढिल्या पट्टीची. तिसरी, जिच्याकडे जाणत्यांचेही दुर्लक्ष होते, ती मॅग्नेटोच्या बाजूच्या क्रँक सीलची. सील कडक होऊन चिरले की क्रँककेसमधील पोकळी गाळणीला वळसा घालून मॅग्नेटोच्या झाकणाआडची धूळ थेट आत ओढते, शिवाय ह्या आगंतुक हवेने मिश्रण पातळ होऊन एंजिन तापते, ते निराळेच. चौथी वाट खुद्द कारागिराच्या हाताची : प्लगच्या खळग्यात साचलेली वाळू फुंकून न काढता प्लग खोलला, की चिमूटभर वाळू सिलिंडरात पडलीच. गाडी धुताना गाळणी काढून पेटीचे तोंड उघडे टाकणे हेही ह्याच सदरात येते. पेट्रोलच्या टाकीतून आलेली वाळू बहुधा कार्ब्युरेटरातच अडते, पण तिने थ्रॉटलची स्लाइड उघडी अडकली तर धोका एंजिनापेक्षा स्वाराला अधिक असतो.

लक्षणे प्रथम पायाला कळतात. किक हलकी लागते, म्हणजे कंप्रेशन गेलेले असते. गाडी चालू होते, पण खालच्या फेऱ्यांत पिकअप उरत नाही, आणि काही काळाने खालून घरघर ऐकू येऊ लागते. खातरजमा करावयाची तर कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून बोटाला गुंडाळलेले पांढरे फडके फिरवावे : निव्वळ तेलकट डाग उमटला तर चिंता नको, परंतु ते फडके चिमटीत चोळताना किरकिर जाणवली तर गाळणीचा पहारा फुटला असे निश्चित समजावे. सिलिंडर उतरविल्यावर पुरावा अधिक बोलका असतो. पिस्टनच्या स्कर्टवर कारखान्यात उठविलेल्या बारीक आडव्या रेषा हवा आत येण्याच्या बाजूने पुसल्या जाऊन तेथे मंद, राखी, उभ्या केसासारख्या रेघांची झिलई आलेली दिसते. तेलाअभावी जाम झालेल्या पिस्टनवर धातू ओघळून चिकटल्याच्या खुणा असतात, वाळूने खाल्लेल्या पिस्टनवर असे चिकटणे नसते, नुसते घासणे असते. हा भेद न ओळखता तेलाचे प्रमाण वाढवून देणारे कारागीर पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या गाड्या पुन्हा त्यांच्याकडेच येतात. रिंग एकटी सिलिंडरात सारून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजली की झिजेचा आकडाही हाती लागतो. दोन-धावी एंजिनातील रिंग पिनेने जागी धरलेली असल्यामुळे ती खोबणीत फिरत नाही, आणि म्हणून एका जागी पडलेली रेघ त्याच जागी खोल होत जाते.

उपचाराचा पहिला नियम निषेधाचा आहे : आत वाळू गेल्याचा नुसता संशय असला तरी किक मारू नये. गाडी वाळूत पडून पेटी भरली असेल, तर ती ढकलत आणावी. दुसऱ्या प्रश्नावर मात्र जाणत्यांत मतभेद आहेत, आणि तो प्रश्न असा, की एंजिन न फोडता ते धुऊन काढता येते काय. प्लग आणि रीड व्हॉल्व्ह, म्हणजे कार्ब्युरेटर व क्रँककेस यांमधील पाकळ्यांची झडप, काढून क्रँककेसमध्ये घासलेट ओतावे, गाडी उलटीपालटी करून ते बाहेर काढावे, घासलेट स्वच्छ येईपर्यंत ही आवृत्ती करावी, शेवटी भरपूर तेल सोडून गाडी चालू करावी म्हणजे उरलीसुरली वाळू धुराड्यावाटे निघून जाईल, असा एक पक्ष. प्रस्तुत लेखकाला हा पक्ष ग्राह्य वाटत नाही. घासलेटाने क्रँककेसच्या भिंतीवरची वाळू निघते हे खरे, परंतु बिग एंडच्या सुयांसारख्या रोलरांमध्ये, जेथे वंगणाचे तुषार कनेक्टिंग रॉडच्या अरुंद खाचेतून कसेबसे पोचतात, तेथे शिरलेला कण त्या धुण्याने हलत नाही. हलते ते त्याच्याभोवतीचे तेल, म्हणजे कण राहतो आणि वंगण जाते. धुराड्यावाटे जी वाळू निघून जाते, तिने तर जाण्यापूर्वी आपले काम पुरे केलेले असते. म्हणून वाळू रीड व्हॉल्व्हच्या अलीकडे, कार्ब्युरेटरपर्यंतच थांबली असेल तर सफाई पुरेशी. ती ओलांडून गेली असेल तर क्रँककेस फोडण्यावाचून तरणोपाय नाही. ह्याची रुजवात घालण्यास रीडच्या पाकळ्या उचलून पाहणे पुरेसे असते. पाकळीच्या बैठकीवर कण चिकटलेला दिसला तर पुढचा प्रश्न विचारूच नये.

एंजिन फोडण्यापूर्वी ते बाहेरून धुवावे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. मेन बेअरिंगे, दोन्ही सील, स्मॉल एंडचे बेअरिंग आणि रिंगा यांचा मुलाहिजा न ठेवता त्या बदलाव्यात. दोन-धावी एंजिनाचा क्रँक बहुतेक वेळा तुकडे दाबून एकत्र केलेला असतो. तो प्रेसवर उघडून पिन, रॉड आणि बेअरिंग नवे घालणे आणि मग दोन टोकांमध्ये धरून डायल गेजवर त्याचा डगमगाट मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत आणणे हे घरच्या हातोडीचे काम नव्हे. सिलिंडराचा निर्णय त्याच्या अस्तरावर अवलंबून असतो. बिडाची स्लीव्ह असेल, जशी आरएक्स १०० ला असे, तर लेथवाल्याकडून बोअर वाढवून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालता येतो, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील मातीच्या शर्यतींत धावलेल्या जुन्या गाड्यांनी अशी किती बोअरिंगे सोसली असतील, ते लेथवाल्यांनाच ठाऊक. अलीकडच्या शर्यती गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात मात्र निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसविलेला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ मुलामा असतो. मुलाम्यातील ते कण गारेहून कठीण असल्याने तो वाळूला बराच काळ दाद देत नाही, पण एकदा खरवडला की बोअरिंगचा मार्ग बंद, पुन्हा मुलामा चढविणे किंवा नवा सिलिंडर घेणे एवढेच हाती राहते.

बोअर करून आलेला सिलिंडर घासलेटाने पुसून तसाच बसविणे ही सार्वत्रिक चूक होय. होनिंगच्या दगडाचा चुरा हीही वाळूच, आणि ती घासलेटाने तळाशी बसते, निघत नाही; ती निघते गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी, आणि पांढरे फडके आतून फिरवून पांढरेच बाहेर येईपर्यंत धुणे थांबवू नये. लगेच तेलाचा हात द्यावा, कारण बिडाला तासाभरात गंज धरतो. जोडणी पुरी झाल्यावर सर्व तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये चौरस इंचास सुमारे सहा पौंड दाबाची हवा भरावी आणि काटा उतरतो काय ते पाहावे. उतरला तर कोठेतरी चोरवाट आहे, आणि चोरवाट आहे तोवर दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही.

प्रतिबंधाची शिस्त पाहावयाची असेल तर ती फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल तुके येथे. ज्याने पुढे १९७८ च्या डिसेंबरात पॅरिस-डाकार शर्यत सुरू केली, त्या तिएरी साबीन ह्याने १९७५ साली येथील किनाऱ्यावर हिवाळी शर्यत भरविली. हजारावर स्वार ओल्या, खाऱ्या वाळूत एकदम सुटतात आणि वाळूच्या ओढीने एंजिन सतत पुऱ्या भाराखाली राबते. अशा शर्यतीसाठी जाणते स्वार कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा घालून मिश्रण दाट ठेवतात, म्हणजे एंजिन तापत नाही. गाळणीवर आणखी एक पातळ तेलकट आवरण चढवितात, म्हणजे ते भरले की ओढून फेकता येते. आणि आदल्या रात्री तेल पाजलेल्या गाळण्या पिशवीत बांधून तयार ठेवतात. गाळणी घासलेटाने धुवावी, नंतर साबणाच्या पाण्याने, पुरती वाळल्यावर चिकट तेलात भिजवून तळहातात दाबावी, पिळू नये. पेट्रोलने धुतल्यास थरांमधील चिकटण सुटते, आणि कंप्रेसरची हवा मारल्यास फोमची छिद्रे मोठी होतात.

एंजिनात वाळू सापडली आणि गाळणी मात्र स्वच्छ दिसली, तर गाळणीला दोषमुक्त ठरवू नये : वाळू तिच्यातून न जाता तिच्या बाजूने गेली, एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढची तपासणी गाळणीच्या काठापासून व पेटीच्या बैठकीपासून सुरू करावी.