दारूची ज्वलनगती आणि नेम

करडी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तेथील जवाहरनगरची १९६४ साली स्थापन झालेली आयुधनिर्माणी प्रणोदके तयार करते. अशा द्रव्यांच्या इतिहासात त्यांच्या सामर्थ्याचीच चर्चा फार होते, ज्वलनगतीची क्वचित. वस्तुतः निवड होते ती या गतीची. बंदुकीच्या कानावर घालावयाची बारीक रंजक आणि नळीत ठासावयाची दारू, हा मराठीतील जुना भेद त्याचीच साक्ष देतो. दाणा बारीक तर ज्वलन शीघ्र. म्हणून तोफेस भरड दारू लागे. परंतु जळता दाणा झिजतो व वायूचा पुरवठा मंदावतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रॉडमन याने दाण्यास छिद्रे ठेवून हा दोष निवारला. उपाय साधा, पण मोठ्या बुद्धीचा. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने निर्धूर दारू सिद्ध केली. पुढे दाण्याची घडण व त्यावरील लेप यांनी गती नियमित होऊ लागली. दूरच्या लक्ष्यावर गोळ्यांचे वेग किंचित भिन्न झाले तरी त्या वरखाली पडतात. म्हणून स्वहस्ते काडतुसे भरणारा चोखंदळ नेमबाज सर्वांत वेगवान दारूपेक्षा एकसारखा वेग देणारी दारू पसंत करतो. उष्णतेने जिचा दाब चढतो ती दारू तर विदर्भाच्या वैशाखात नेम निश्चितच बिघडवील.