नाक जोडणाऱ्याचे नाव

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. सोबत एका माणसाचे चित्र होते. माणूस मराठी मुलखातला, नाव कावसजी. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि नाक व एक हात कापून सोडून दिले. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने कपाळाची कातडी घेऊन त्याला नवे नाक करून दिले. मुंबईतल्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी हे काम पाहिले होते. पत्रात कृती बारकाईने दिली आहे.

ती कृती अशी. तुटलेल्या नाकाच्या बुंध्यावर मेणाची पातळ पाटी नीट बसवायची. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोलून घ्यायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त वाहते राहते. बुंध्याभोवती खाच पाडून कपाळाची कातडी पिळून खाली आणायची आणि त्या खाचेत बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा घड्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. साधारण विसाव्या-पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची. कात आणि तूप या दोन्ही वस्तू कुठल्याही घरात सापडणाऱ्या.

लंडनमधल्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये ही पद्धत वापरून एका रुग्णाचे नाक केले, पुढे दुसऱ्याचे, आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. जर्मनीत ग्रेफने १८१८ मध्ये त्याच वाटेने आपला ग्रंथ काढला. आजही कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या पद्धतीला शल्यचिकित्सेत 'भारतीय पद्धत' म्हणतात. कावसजीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, चित्रकार जेम्स वेल्सचे ठाऊक आहे, कार्प्यूचे ठाऊक आहे. ज्याच्या हातांनी ते नाक बसवले, त्याच्याबद्दल पत्रात एवढेच आहे की तो विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता.

ही गोष्ट आपण बहुधा अभिमानाने सांगतो आणि लगेच सुश्रुताकडे जातो. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याचा विधी आहे, हे खरे. पण तिथे माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितले आहे आणि कातडी गालाची घ्यायला. पुण्याजवळच्या माणसाने माप मेणाचे घेतले आणि कातडी कपाळाची. म्हणजे तो पोथी वाचून काम करत नव्हता. संहितेपासून त्याच्यापर्यंत शतकानुशतके हे काम हातांनी हातांना शिकवले गेले आणि वाटेत सुधारत गेले. त्या सुधारणा करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याकडे नाही. 'परंपरा' हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात पोथी असते आणि हातही असतात. गौरव मात्र पोथीच्या वाट्याला येतो.

पारंपरिक उपचारांचा इतिहास नावांच्या अंगाने वाचला तर काही वेगळ्या गोष्टी दिसतात. त्यासाठी आणखी मागे, गोव्यात जावे लागेल.

*

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या 'कोलोकियुश' या ग्रंथात इथल्या औषधी द्रव्यांची माहिती संवादांच्या रूपात आहे. एका बाजूला ओर्ता स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा नुकताच युरोपातून आलेला काल्पनिक डॉक्टर. रुआनो जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता म्हणतो, मी इथे डोळ्यांनी पाहिले ते असे आहे. या ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो. ओर्ता त्याला विचारतो आणि त्याचे उत्तर नावानिशी नोंदवतो. सोळाव्या शतकातल्या युरोपीय ग्रंथात ही गोष्ट साधी नव्हती.

त्याच शतकात गोव्यातल्या चर्चने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असे ठराव केले. पण तापाने फणफणलेला माणूस ठराव वाचत बसत नाही. मोठमोठे पोर्तुगीज अधिकारीसुद्धा 'पंडितां'ना बोलावत राहिले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जाळले आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. ज्याने दुसऱ्यांची नावे लिहिली, त्याचे स्वतःचे नाव पुसण्याचा असा प्रयत्न झाला. ग्रंथ मात्र तोवर लॅटिन संक्षेपातून युरोपभर गेला होता.

शंभर वर्षांनी कोचीनला डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करायला घेतला. 'होर्तुस मलबारिकुस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. पहिल्या खंडात माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रे त्यांच्याच लिपीत छापली आहेत. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य त्यात आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही आहेत, गोव्याकडून कोचीनला जाऊन वसलेल्या समाजातले. त्यांचे निवेदन कोकणीत आहे आणि लिपी नागरी. ॲमस्टरडॅमच्या ठशांतून उमटलेली ती नागरी अक्षरे पाहताना मराठी वाचकाला आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही. पण लक्षात घ्यायचे ते हे की इट्टी अच्युतनला त्या काळच्या केरळात पुष्कळ दारे बंद असतील. पुस्तकाच्या पानावर तो त्या तिघा ब्राह्मणांच्या शेजारी बसला आहे. ज्ञान कोणाचे, हे लिहून ठेवले की असे होऊ शकते.

*

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. कलकत्त्याला १८२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकशाळेत देशी आणि पाश्चात्त्य, दोन्ही वैद्यके शिकवत. ती १८३५ मध्ये बंद झाली. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, ते पूर्ण पाश्चात्त्य धर्तीवर. तिथल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. इंग्रजी वैद्यकात पारंगत असूनही त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथ धुंडाळले आणि महारोगावर एक औषध वापरून पाहिले. त्याचा बोलबाला झाला, पण घटक त्यांनी गुप्त ठेवले. १८७४ मध्ये ते वारले. ते औषध कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे होते, असे पुढे सांगितले गेले. त्याच कुळातली तेले सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोगावर वापरात होती. पुण्याजवळच्या कारागिराचे काम उघड होते आणि नाव हरवले. भाऊ दाजींचे नाव मोठे होते आणि काम झाकलेले राहिले. दोन्हींत तोटा ज्ञानाचाच.

१९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला तो 'नोंदलेला' डॉक्टर; वैद्य आणि हकीम वहीबाहेर. त्याआधीच, १९०७ साली, शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे केले होते. त्यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. पंचांगाशेजारी ठेवलेले, पाने पिवळी पडलेले, 'खोकला' आणि 'मूळव्याध' या पानांवर तेलाचे डाग असलेले ते जाड पुस्तक अनेकांनी पाहिले असेल. पदे अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, १९०९ मध्ये गेले. पण वैद्याला सरकारी मान्यता हवी, शिक्षणाला अभ्यासक्रम हवा, ही मागणी रुजली. १९३३ मध्ये पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा झाला आणि वैद्य-हकिमांची सरकारी नोंदणी सुरू झाली.

हा विजय खरा होता. पण नोंदवही उघडली की तिला कडाही येतात. अभ्यासक्रम संस्कृत ग्रंथांवर उभा राहिला, परीक्षा लेखी झाली. खांदा निखळला तर बसवणारा हाडवैद्य, अडलेली बाई सोडवणारी सुईण, विंचवावर पाला लावणारी आदिवासी म्हातारी यांना ना पोथी होती ना परीक्षा देता येत होती. वैद्य आत आले आणि नाक जोडणारा बाहेरच राहिला. फरक एवढाच की आधी वही इंग्रजी वैद्यकाची होती; आता तिच्यात देशी वैद्यकाचे रकानेही होते.

'पर्यायी' हा शब्दही वहीनेच घडवला. होमिओपॅथी जर्मनीत हानेमानने रचली. १८३९ मध्ये होनिगबर्गर नावाच्या वैद्याने लाहोरात रणजितसिंहांवर ती औषधे वापरली. आज ती आयुर्वेद आणि युनानीच्या शेजारी, एकाच मंत्रालयाखाली बसते. युनानीचे तर नावच ग्रीसचे. उगम, तत्त्व, औषधे कशातच मेळ नसलेल्या या पद्धतींना एकत्र बांधणारा धागा एकच: त्या त्या दुसऱ्या वहीत नव्हत्या.

*

इथे थांबलो तर हा लेख नुसता हळहळीचा होईल. नाव नोंदवण्याला दुसरी बाजू आहे. ज्याचे नाव लिहिलेले असते त्याला जाब विचारता येतो. पुण्याच्या कारागिराची किती नाके टिकली आणि किती सडली, हे कोणी लिहिले नाही. यश लंडनला पोचले. अपयश घराघरांत पुरले गेले. परंपरेचे कौतुक करताना ही गोष्ट सोयीने विसरली जाते, आणि याच विसराळूपणावर जाहिरातीतले भोंदू जगतात.

मोजून पाहण्याचे काम कसे करावे याचा नमुना मुंबईतच आहे. सर्पगंधेची मुळी देशात फार जुन्या काळापासून वेडावर आणि निद्रानाशावर देत. १९३१ मध्ये सेन आणि बोस या दोघांनी तिच्याबद्दल लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन निरीक्षणे ठेवली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ती प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये स्विस कंपनीने मुळीतून रेसरपीन वेगळे काढले, आणि ते काही काळ जगभर रक्तदाबावरचे महत्त्वाचे औषध ठरले. पुढे त्याने काही रुग्णांना खिन्नता येते असे दिसले आणि वापर कमी झाला. हेही मोजल्यामुळेच कळले. मुळीचा गुण आणि दोष दोन्ही उजेडात आले.

त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव मात्र 'राउवोल्फिया'. सोळाव्या शतकातल्या लेओनार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ दिलेले. तो बगदादपर्यंत आला होता. हिंदुस्थानात कधीच आला नाही. ज्या बाईने किंवा बुवाने पहिल्यांदा ती मुळी उगाळून न झोपणाऱ्या माणसाला दिली, त्याचा पत्ता लागण्याची आता आशा नाही.

आपल्या हातात उरते ते जवळचे काम. गावात अजून एखादा हाडवैद्य असेल, शंभर बाळंतपणे केलेली एखादी सुईण ओसरीवर बसलेली असेल. तिने काय केले, कुणाकडून शिकली, कुठल्या वेळी हात टेकून बाईला दवाखान्यात पाठवले, कोण वाचले आणि कोण गेले, हे तिच्या शब्दांत लिहून घेता येईल. सगळे खरे निघेल असे नाही. काही धोक्याचेही असेल, तेही तसेच लिहावे. वहीच्या पहिल्या ओळीत तिचे पूर्ण नाव असावे. पुण्याजवळच्या त्या माणसाला विचारायला दोन इंग्रज डॉक्टर त्याच्या समोर उभे होते, आणि ते विचारायचे राहून गेले.